मुद्दाम बिघडवलेलं गाणं

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा आणि त्याखालोखाल त्याच्या धंद्याचा. धंदा साउंड सिस्टीमचा. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर स्पीकरची जी भिंत उभी असते, जिच्यासमोरून जाताना छातीत धडधडतं आणि दुकानांची शटरं थरथरतात, तशी एक भिंत आमची आहे. पोरगी झाली त्याच वर्षी नवऱ्यानं हा धंदा सुरू केला आणि कौतुकानं त्याला पोरीचंच नाव दिलं. ट्रॅक्टरच्या पुढं लाल-निळ्या दिव्यांत ते नाव चमकत असतं. आणि त्या नावाच्या खऱ्या मालकिणीला कुकरची शिट्टी सहन होत नव्हती.

ती तेव्हा सहा वर्षांची होती. मिक्सर लावला की कानांवर हात, दाराची कडी आपटली की रडणं, गल्लीत कुणी हॉर्न वाजवला की थेट पलंगाखाली. माझ्या शिलाई मशीनचं मात्र तिला काही वाटायचं नाही. मी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना पिको-फॉल करते. त्या खडखडाटाशेजारी ती तासन्‌तास चिंध्यांशी खेळत बसायची. त्यामुळं पोरगी नाटकी आहे, असं सासूबाईंचं ठाम मत झालं होतं. "मशीन चालतंय आणि बाप चालत न्हाय, ही कसली तऱ्हा?" असं त्या विचारायच्या. प्रश्न बरोबर होता, कारण तिला सगळ्यात जास्त जर काही चालत नसेल तर तो बापच होता.

माझा नवरा तसा प्रेमळ माणूस आहे. पण दिवसभर स्पीकरपुढं राहून त्याची समजूत झालीय की सगळं जग जरा बहिरं आहे. तो घरात यायचा तेव्हा आधी मोटारसायकल फाटकात गुरगुरायची, मग किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आदळायचा आणि मग "काय चाललंय!" अशी आरोळी. त्या आरोळीपर्यंत पोरगी पलंगाखाली अगदी भिंतीला जाऊन चिकटलेली असायची. तो जेवून बाहेर पडला की ती बाहेर यायची आणि जेवायची. आपली पोरगी त्यानं बहुतेक झोपलेलीच पाहिली होती. एकुलती एक पोरगी, आणि तिनं आपणहून एकदा आपल्याजवळ यावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. हे तो मला स्वयंपाकघरात डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, पण इतक्या मोठ्यानं सांगायचा की पलंगाखालची पोरगी आणखी आत सरकायची.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांनी आम्हाला कोल्हापुरातच, राजारामपुरीत एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडं पाठवलं. तिथं छताला झोपाळे टांगलेले, कोपऱ्यात वाळूच्या पिशव्या, भिंतीला चढायच्या दोऱ्या, खाली जाड गाद्या. नवरा म्हणाला, "ही तर तालीम हाय की!" त्याच्या त्या एका वाक्यानं आतलं एक मूल रडायला लागलं आणि त्याला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं. पुढं कायमची त्याची जागा तीच झाली.

मॅडम जयसिंगपूरच्या, वयानं माझ्यापेक्षा लहान, आणि बोलायच्या इतक्या हळू की पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला रिक्षात विचारलं, "त्या बाईला बरं न्हवतं का गं?" त्यांनी पोरीला झोपाळ्यावर बसवलं, गादीत गुंडाळलं, तिला पिशव्या ओढायला लावल्या आणि तासाभरानं मला सांगितलं, "ती नाटक करत नाही. आपल्याकडं आवाज, स्पर्श, हालचाल हे सगळं आत येताना आपोआप निवडलं जातं. तिच्याकडं सगळं एकदम आत घुसतं. तिला ते टोचतं." मी तिथंच रडले. सहा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत होते आणि कुणाचाच विश्वास बसत नव्हता.

मग त्यांनी घरी करायचं सगळं समजावून दिलं. झोका, अंग दाबून देणं, ओझी ढकलणं, आणि जोडीला एक संगीत. एक मोठा हेडफोन आणि एक छोटा प्लेअर. संगीत साधंच, पण मुद्दाम बदललेलं. मधेच खालचे जाड आवाज गाळलेले, मधेच वरचे बारीक आवाज एकदम पुढं यायचे आणि परत मागं जायचे. कान सावध होतो, सैल होतो, परत सावध होतो, अशी काहीतरी कल्पना. दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास लावायचं, आवाज इतका हळू ठेवायचा की शेजारच्याशी बोलता यावं. "पलंगाखाली बसून ऐकलं तरी सध्या चालेल," मॅडम म्हणाल्या. "पण यात जादू नाही हं. काही मुलांना उपयोग होतो, काहींना नाही होत. आणि घरात अचानक होणारे आवाज जरा कमी करा."

आता जरा म्हणजे किती, हे आमच्या घराला कधी कळलेलं नाही. कुकर माळ्यावर गेला. मिक्सर सासूबाईंनी जुन्या लुगड्यात बांधून कपाटात ठेवला. दाराची बेल काढून टाकली. नवरा गाडी गल्लीच्या कोपऱ्यावरच बंद करायचा, ढकलत आणायचा आणि चपला हातात घेऊन मान खाली घालून आत यायचा. बोलायचं ते कुजबुजून. कोल्हापुरात कुजबुजायची कुणाला सवय नाही. इथं माणसं गुपितसुद्धा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा बेतानं सांगतात. सासूबाई तर जन्मात कुजबुजल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडातून नुसती वाफ यायची आणि शब्द आतच राहायचे. मीठ पाहिजे असलं तरी त्या माझा दंड धरून तोंड कानाशी आणायच्या आणि मला वाटायचं, आता काहीतरी भयंकर कळणार.

गल्लीनं काही दिवस वाट बघितली. मग एका सकाळी समोरच्या काकी आल्या. डोक्यावर पदर, हातात झाकलेलं ताट. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, माझ्या गळ्यात पडल्या आणि हुंदका दिला. "कधी झालं गं? आम्हाला निरोप तरी धाडायचा!"

ताटावरचं फडकं सरकलं होतं. आत पिठलं आणि भाकरी होती. आमच्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुकरची शिट्टी बंद, माणसं अनवाणी, कुणी मोठ्यानं बोलत नाही, कर्ता पुरुष गाडी ढकलत आणतोय. गल्लीनं सगळं नीट जुळवलं होतं. फक्त गेलं कोण एवढंच ठरत नव्हतं, आणि बहुमत सासूबाईंच्या बाजूनं होतं, कारण त्यांचाच आवाज सगळ्यात आधी बंद झाला होता.

तेवढ्यात सासूबाई स्वतःच आतून आल्या. काकींचे डोळे पांढरे झाले. "अगं बाई! तुम्ही हायसा व्हय?"

"हाय की," सासूबाई कुजबुजल्या.

त्या कुजबुजण्यानं काकी आणखीच घाबरल्या आणि चपला तिथंच टाकून घरी पळाल्या. पिठलं आम्ही दुपारी खाल्लं. लसूण भरपूर होता, चांगलं झालं होतं.

इकडं संगीत सुरू झालं होतं. पोरगी हेडफोन लावून पलंगाखाली बसायची, आणि मधेच मान वर करायची, मधेच हातातली चिंधी ठेवून कुठंतरी बघायची. मला ते बघून बरं वाटायचं. नवऱ्याला मात्र चैन पडत नव्हती. आपल्या घरात आवाजाचं एक यंत्र आलंय आणि आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, याचं त्याला वाईट वाटत होतं. एकदा पोरगी झोपल्यावर त्यानं हेडफोन कानाला लावला. नासलेलं दूध बघावं तसं त्याचं तोंड झालं.

"आयला, ह्याचा बेस मेलाय की!" तो जमेल तेवढ्या हळू म्हणाला. "वरचा आवाज पण धरसोड करतोय. हे असलं पोरीच्या कानात घालतायसा?"

"ते मुद्दाम तसं केलंय," मी म्हटलं.

"मुद्दाम कोन बिघडवंल? कॉपी करताना बोंबललंय आणि आता मुद्दाम म्हणत्यात. आम्ही पण गिऱ्हाइकाला हेच सांगतोय."

त्याच्यापुढं बोलून उपयोग नव्हता. धंद्यात तो स्वतः जी थाप मारत होता तीच आपल्याला कुणीतरी मारतंय, अशी त्याची खात्री झाली होती. दुसऱ्या दिवशी "चार्जिंगला नेतो" म्हणून तो प्लेअर घेऊन गेला. पुढचं मला नंतर कळलं, पण इथंच सांगते.

त्याचं गोडाऊन कळंब्याच्या रस्त्याला आहे, आणि भिंतीला भिंत लागून एका आण्णांचा म्हशींचा गोठा. बिघाड शोधायचा तर तो मोठ्यातच कळतो, या न्यायानं नवऱ्यानं ते नाजूक संगीत सगळ्या सिस्टीमवर लावलं. भिंतीएवढ्या स्पीकरमधून ते उंच, पोकळ, येणारं-जाणारं संगीत सगळ्या रस्त्यावर पसरलं. थोड्या वेळानं आण्णा बादली घेऊन दारात.

"दादा, हे काय लावलंयसा? म्हस पान्हा चोरतीया, दूध सोडंना."

म्हशी इतकी वर्षं मिरवणुकीच्या दणक्यावर दूध देत आल्या होत्या. आण्णांनी हात जोडले. "तुमचं न्हेमीचं लावा की. त्याला ती रुळलीया."

झालं. नवऱ्याला पुरावा मिळाला. म्हशीला जे कळतं ते शिकलेल्या बाईला कळू नये, याचं त्याला आश्चर्य वाटलं. मग त्यानं लॉरीची दुरुस्ती करावी तशी त्या संगीताची दुरुस्ती केली. गेलेला बेस भरला. वर-खाली होणारा आवाज एका पातळीत आणला. जिथं जिथं काही गाळलं होतं तिथं तिथं अंदाजानं काहीतरी घातलं. आणि संध्याकाळी प्लेअर गुपचूप जागेवर ठेवून दिला. चोरून चांगलं काम करणाऱ्याच्या तोंडावर जे तेज असतं ते त्या दिवशी त्याच्या तोंडावर होतं. मला वाटलं, मिरवणुकीची कुठलीतरी मोठी सुपारी मिळाली असेल.

पुढचे काही आठवडे पोरगी तेच ऐकत होती. आता ती मान वर करायची नाही. शांत बसायची, आणि मधे मधे चक्क हसायची. मी खूश. उपचार लागू पडला असंच मी धरून चालले होते. मॅडमना मी फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हसते? कुठल्या जागी हसते?" मला सांगता येईना. "या वेळी हेडफोन बरोबर घेऊन या," त्या म्हणाल्या.

तिथं पोरगी हेडफोन लावून मणी ओवत बसली आणि मॅडम तिच्याकडं बघत बसल्या. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. पोरगी हसली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय ऐकू येतंय गं?"

"पप्पा."

"कुठं आहेत पप्पा?"

"ह्यात," पोरीनं हेडफोनला बोट लावलं. "बारकं पप्पा."

मॅडमनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. इतकी शांत बाई, पण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी न बोलता हेडफोन माझ्याकडं दिला. मला ऐकू आला एक गोल, गुबगुबीत दणका. वरातीत चालला असता असा. गाणं संपलं. आणि मग माझ्या नवऱ्याचा आवाज, त्याला मागं घुमारा दिलेला: "ऐकताय न्हवं, कोल्हापूरकर!" त्याच्यामागून आमच्या साउंडचं नाव. म्हणजे पोरीचं नाव. शेवटचं अक्षर लांबवत लांबवत विरत गेलं. पुढचं गाणं सुरू झालं. ते संपलं, की परत तेच.

मी बाहेरच्या बाकाकडं गेले. किती आठवडे मी कुजबुजत होते, ते सगळं एकदम बाहेर आलं. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं माहेर वारणानगरचं, डेअरीच्या कॉलनीत वाढले, शिव्या मला येत नाहीत असा माझाही समज होता. खालचा औषध दुकानदार जिना चढून बघायला आला.

"बेस मेला होता, मी घातला," नवरा भांबावून म्हणत होता. "आणि आमच्या हातनं गेलेल्या गाण्यावर आमचं नाव पडतंयच की. न्हाईतर दुसरं साउंडवालं गाणं ढापत्यात. सवयीनं पडलं असंल." मग त्यानं माझ्यामागोमाग बाहेर आलेल्या मॅडमकडं बघून म्हशीचा दाखलाही दिला.

मॅडमनी म्हशीचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते संगीत बिघडलेलं नव्हतं. जे तुम्ही भरून काढलंत, ते गाळलेलं असणं हाच त्याचा उपयोग होता. आता पहिल्यापासून सुरू करावं लागणार." नवऱ्याचे खांदे पडले. एवढा आडदांड माणूस, पण बाकावर तो एकदम लहान दिसायला लागला. मला त्याची दया आली आणि दया आल्याचा राग आला.

"पण एक सांगते," मॅडम म्हणाल्या. "तिनं रोज दोन वेळा तुमचा आवाज ऐकलाय आणि हेडफोन काढलेला नाही. आवाज बारीक होता, आणि गाणं संपलं की ठरलेल्या जागी यायचा. कधी येणार ते तिला आधीच माहीत असायचं. त्यामुळं चाललं असेल. असेल म्हणते मी. नक्की मलाही सांगता येणार नाही."

"म्हंजे," नवऱ्यानं विचारलं, "मी तिचं नाव घेतल्यालं तिनं रोज ऐकलं?"

"रोज."

"आनि हसली?"

"हसली," मी म्हटलं.

त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि रडला. अजिबात आवाज न करता. लग्न झाल्यापासून मी त्याला आवाजाशिवाय काही करताना पहिल्यांदाच बघत होते.

निघताना मॅडम म्हणाल्या, "घरात कुजबुजू नका. त्यानं ती आणखी बिचकते, काय चाललंय ते कळत नाही तिला. साधं बोला. आणि तुम्ही काही करायच्या आधी तिला सांगत चला." त्या हे सहज बोलल्या. पण नवऱ्यानं ते ऐकलं, आणि मी आधीच सांगितलंय, आमच्याकडं जरा म्हणजे किती हे कुणाला कळत नाही.

त्या संध्याकाळपासून तो स्वतःच्या आयुष्याचं वर्णन करायला लागला. "मी फाटक उघडतोय. आता कडी लावणार हाय, खट्ट हुईल. लावली. मी डावी चप्पल काढतोय. आता उजवी. किल्ल्या टेबलावर ठेवणार हाय. हळूच ठेवणार हाय." एकाच पट्टीत, माइकवर बोलल्यासारखं, पण खालच्या आवाजात. "मी हात धुतोय. मी टॉवेल शोधतोय. टॉवेल सापडत न्हाय." न्हाणीघरातूनही चालूच. सवय इतकी लागली की गिऱ्हाइकाला फोनवर तो सांगायचा, "मी आता भाव सांगणार हाय." बेंदराच्या सणाला माझा भाऊ आला होता, तो जेवणावरून उठता उठता मला म्हणाला, "ताई, दाजींना कुठंतरी दाखवा." समोरच्या काकी भिंतीवरून डोकावायच्या. त्यांनी पिठलं आणलं नाही, पण आमच्या दिशेनं देवाला हात जोडताना मी त्यांना बघितलं. सासूबाईंनी पहिले काही दिवस कपाळाला हात लावला, मग एका सकाळी मला त्यांच्या खोलीतून ऐकू आलं, "मी आता खोकणार हाय." आणि त्या खोकल्या.

पलंगाखालून पहिल्यांदा एक पाऊल बाहेर आलं. मग कोपरापर्यंत हात. तो आला की ती पळायची, पण पूर्वीसारखी भिंतीला चिकटायची नाही, कडेशी राहायची. मूळचं संगीत परत सुरू होतं, झोका चालू होता, मी रोज रात्री अंग दाबून देत होते. यातलं कशानं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. एका संध्याकाळी मात्र तिनं खालून विचारलं, "आता काय करताय?"

नवरा गोठून गेला. "मी पाणी पितोय."

"आता?"

"आता गिलास ठेवणार हाय. टक्क वाजंल."

"ठेवा."

टक्क वाजलं. मी मशीन थांबवलं होतं, पायावर पाय ठेवून ऐकत होते. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. पण ती काही बाहेर आली नाही. पुढंही बरेच दिवस असंच चाललं. दोघं बोलायचे, एक पलंगावर आणि एक पलंगाखाली. तो खाली वाकून हात पुढं करायचा, आणि ती मागं सरकायची. मग तो उठून बसायचा आणि सांगायचा, "मी उठून बसलोय."

एका रविवारी दुपारी ती पलंगाखाली हेडफोन लावून बसली होती. मी मशीनवर, एका लग्नघरचा ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. खालून आवाज आला, "पप्पा, गाणं बंद पडलं."

मम्मी नाही, पप्पा. तो कॉटनची बनियन घालून पेपर वाचत होता. पेपर कुठं उडाला माहीत नाही, पण आवाज त्यानं हलू दिला नाही. "मी येऊ का आत?"

"या."

"मी आता वाकतोय. मी झोपतोय. मी डोकं आत घालतोय." मी बाही जोडत होते. "मी उजवा खांदा आत घालतोय. आता डावा. वायर निघालीया, मी लावतोय. लागली." मशीन चालू. "मी आता मागं येतोय." मी शिवण पुढं सरकवली. "मी आता अडकलोय."

मी दुसरी बाही घेतली.

"मी पुढं बी जात न्हाय आणि मागं बी येत न्हाय," तो शांतपणे सांगत होता. त्या पट्टीत त्यानं महिनाभर टॉवेलपासून ताकापर्यंत सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, आज बारकाईनं सांगतोय. "माझी छाती आवळायला लागलीया. मला दम लागलाय." मी दोरा तोडला.

आणि पलंगाखालून एक आरोळी आली.

"मम्मेऽऽ! पप्पा खरंच अडकल्यात! ये की लवकर!"

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि तरी तो पूर्ण ओळखीचा होता. गल्लीच्या टोकाला जाईल असा. नवऱ्याचाच आवाज, फक्त बारक्या गळ्यातून आलेला. मी उठेपर्यंत काकी दारात, काकींचे दोन्ही मुलगे, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, रस्त्यानं जाणारे दोन पावणे, सगळे आत. कोल्हापुरात मदतीला माणूस बोलवावा लागत नाही, आणि आलेला माणूस गप्प राहत नाही. "पाय वढा!" "पाय वढू नका, कंबर मोडंल!" "तेल आणा!" "श्वास सोडा, दादा!" सासूबाई सगळ्यांच्या वर: "पलंग माझ्या आईनं दिलाय! तोडायचा न्हाय!" सागवानी पलंग, चौघांनी एका बाजूनं धरला, हय्या केलं, आणि तो तिरका होत होत धाडदिशी भिंतीला उभा राहिला.

खाली नवरा पालथा पडलेला, केसांत कोळिष्टकं. त्याच्या डोक्याशी पोरगी, कानांवर दोन्ही हात दाबून. वर एवढी माणसं, सगळी एकदम बोलत होती, हसत होती, टाळ्या वाजवत होती. मी तिचे डोळे बघितले, ती पळायला जागा शोधत होती. आणि तिची जागा तर भिंतीला उभी होती. खाली नुसती फरशी. दाराकडं माणसं. नवरा धापा टाकत उठून बसत होता. मी गुडघ्यावर बसले, दोन्ही हात पसरले आणि तिला हाक मारली. सहा वर्षं ती असल्या वेळी पलंगाखाली नाहीतर माझ्या कुशीत, तिसरीकडं कधी गेली नव्हती.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग ती उठली, बापाला वळसा घालून त्याच्या मागं गेली, आणि त्याची घामानं भिजलेली बनियन दोन्ही मुठींत धरून तिनं तोंड त्याच्या पाठीत खुपसलं.

माझे हात तसेच पसरलेले. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला राग आला.

नवऱ्यानं मागं वळून बघितलं नाही. गर्दीकडं बघत, त्याच एका पट्टीत, तो तिला म्हणाला, "मी आता हलत न्हाय."